ध्रुवावरचे दगड आणि पप्पूचा फ्रीजर

मी गोरख. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या कळंबला कांदा करतो आणि तोंडाचा लई फटकळ हाय, हे आधीच सांगून ठेवतो. माझी पुतणी समृद्धी पुण्यात जंतूंवर संशोधन करती. दोन वर्षांमागं मी तिला पप्पूचं स्थळ आणलं. हायवेला आइस्क्रीमचं दुकान, घरची बागायत, पोरगं निर्व्यसनी. काय खोट व्हती सांगा! पण बाईसाहेबांना दक्षिण ध्रुवावर जायचं व्हतं. सरळ न्हाई म्हणाली. माझं नाक कापलं गेलं. पप्पूच्या बापाशी माझी जुंपली आणि रागाच्या भरात मी बोलून बसलो, तुमच्या दारात परत पाणी पिणार न्हाई.

ती खरंच ध्रुवावर गेली, आणि आली ती दगड घेऊन.

एप्रिलातल्या दुपारी घरचा फोन वाजला. "तात्या, दगड घेऊन नाशिकच्या लॅबला निघाले होते. कळंबच्या पुढं जीप बंद पडलीय. पेटीतला बर्फ संपत आला."

फटफटी काढून गेलो. पोर रस्त्याकडंला पेटीवर ओढणीची सावली धरून उभी, रडवेली.

"दगडाच्या आत जंतू आहेत, जिवंत," ती म्हणाली. "तिकडं बाहेर एवढी थंडी, एवढा वारा, की ते दगडात शिरून जगतात. आपल्या उन्हात मरतील. मग माझं दोन वर्षांचं काम गेलंच. पुण्याहून दुसरी गाडी निघालीय, पण तिला संध्याकाळ होईल."

"मग घरच्या फ्रीजात ठेवू."

"लोडशेडिंग आहे ना! आणि तेवढ्यानं भागत नाही, डीप फ्रीजर पाहिजे."

डीप फ्रीजर आणि जनरेटर जवळपास एकाकडंच. ते दोघांनाबी ठाऊक व्हतं.

"तिथं नको, तात्या."

"गप बस मागं," म्हणलं, आणि पेटी मधी घेऊन निघालो.

पप्पू गल्ल्यावर व्हता, त्याची बायको श्रेया फ्रीजरपाशी. आमाला बघून पप्पूचा चेहराच उतरला. मी कसंबसं सांगितलं.

"तात्या, फ्रीजर गच्च भरलाय. उद्याच्या लग्नाची ऑर्डर हाय," पप्पू म्हणाला.

श्रेयानं समृद्धीला खालवर न्याहाळलं. "ह्याच का त्या?"

पप्पू गल्ल्यातली चिल्लर मोजायला लागला.

"ताई, खरं सांगू का? तुमी न्हाई म्हणाला म्हणून माझं लगीन झालं. तुमचे उपकारच की!" असं म्हणत तिनं डबे बाहेर काढायला सुरुवातबी केली. पप्पू नुसता "अगं, अगं" करत ऱ्हायला. "आइस्क्रीम उद्या मंचरवरनं आणा. हे दगड कुठनं आणाल?" ती त्याला म्हणाली.

समृद्धीनं एक दगड तिला दाखवला. तुटलेल्या कडेला, वरच्या पापुद्र्याखाली बारीक हिरवी रेघ व्हती.

"हे जित्तं हाय?"

"हो. वाढतं इतकं हळू, की आपल्या पिढ्या जातील."

"बाई गं!" श्रेया म्हणाली, आणि पाळण्यातलं लेकरू उठू नये अशा बेतानं तिनं फ्रीजरचं झाकण लावलं.

बाहेर काढलेलं आइस्क्रीम मग थांबलेल्या एसटीतल्या लोकांना फुकट वाटलं. एक वाटी पप्पूनं माझ्यापुढं धरली. "खा तात्या, पाणी थोडंच हाय?"

मेल्याच्या ध्यानात व्हतं! खाल्लं. लई गोड व्हतं.

संध्याकाळी पुण्याची गाडी आली. दगड व्हते तसेच गार. समृद्धीचा जीव भांड्यात पडला. ती गाडीत बसायला निघाली तसं मला राहवलं न्हाई.

"पोरी, तू एवढ्या लांब बर्फात जाती, पुण्यात एकटी ऱ्हाती. आजारी पडलीस तर तुला कोण हाय? म्हणून ते स्थळ आणलं व्हतं बघ. दुसरं काय न्हाई."

ती माझ्या पायांकडं बघत ऱ्हायली.

"तात्या, चपला कुठं आहेत?"

मी खाली बघितलं. पाय उघडेच. फोन ठेवला तसाच निघालो व्हतो. भर उन्हात डांबरावर वावरलो, तळव्यांना फोड आले, तरी ध्यानात आलं नव्हतं.

"आणि म्हणे, मला कोण आहे!" ती म्हणाली, आणि तिथंच रस्त्यात रडायला लागली.

मग मीबी रडलो.