पाणबुडीपुढचं गाऱ्हाणं

मित्रांनो, मी एक जुनी जर्मन पाणबुडी आहे. ओमानमध्ये सूर शहराच्या किनाऱ्यासमोर, तीस मीटर पाण्याखाली वाळूत टेकले आहे. घडण माझी चोख. आत पोलादी नळा, बाहेर टाक्या. टाक्यांत पाणी घेतलं की बुडी, हवा भरली की वर. मात्र टॉर्पेडोंना ऐसपैस जागा देणाऱ्यांनी पन्नास माणसांना संडास दिले दोन, आणि निघताना त्यातल्या एकात बटाटे भरले.

जहाजं हेरून बुडवायची, हे माझं काम. दूरच्या जहाजाच्या पंख्याची घरघरसुद्धा मला ऐकू यायची. शाबासकी मिळाली; ती कशाची, हे सांगताना आज जीभ अडखळते. १९४३ साली विमानातून बॉम्ब पडले आणि माझी बुडी शेवटची ठरली. माणसं आतच राहिली. पुढे सत्तर वर्षं हमूर माशांखेरीज कुणी चौकशी केली नाही.

२०१४ साली तिथल्या कासम नावाड्याची बोट माझ्या डोक्यावर थांबली. भंगारवाल्या अर्बाबने, म्हणजे मालकाने, मुकादम जितेशला पाठवलं होतं. मला पाण्यात पुढे रेटणारा माझा काशाचा पंखा न्यायचा, त्यासाठी शेपटाला सुरुंग लावायचा. तिथेच, इंजिनाच्या खोलीत, माझी नऊ माणसं आहेत. ती उधळली जातील, याचीच मला धास्ती.

सुरुंग लावणारा पाणबुड्या दयानंद, मालवणचा. देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय तो कामाला हात लावत नाही. नारळ घेऊन तो कठड्याशी उभा राहिला.

"दयादा, उरक लवकर," जितेश म्हणाला.

"तू फक्त 'होय महाराजा' म्हण."

ऐकणं हा माझा जुना धंदा. शब्द न् शब्द कानी आला.

"बा म्हाराजा, हय जे कोण निजलेले आसत, तेंच्या दारात आम्ही इलंव."

"होय महाराजा."

"तेंका काय एक त्रास..." दयानंद थांबला.

"पुढे बोल की."

"पुढे म्हणायचं, तेंका सुखी ठेव. आणि मग खाली जाऊन सुरुंग लावू? कुठल्या तोंडाने?"

"अरे, जर्मन आहेत ते. त्यांना मालवणी कळतंय होय?"

"मला कळतंय ना."

जितेशने कपाळ पुसलं. "आणि अर्बाबला काय सांगू?"

"सांग, घरात माणसं आहेत."

कासमने सुकाणू धरलं. "खलास, संपलं काम," म्हणून त्याने परतीसाठी इंजिन सुरू केलं. दयानंदने नारळ तेवढा पाण्यात सोडला.

मित्रांनो, माझा कैवार घेऊ नका. मी माणसं बुडवलीत. पण माझ्या पोटातल्या पोरांची झोप तुमच्या हाती आहे, ती राखा. पंखा अजून जागेवर आहे, त्यावर पोवळी छान धरलीत. बघायला जरूर या. हात तेवढे पाठीमागे बांधून.