गव्हाणीतल्या काड्या कोण नेतं?

हातभर लांब, वीतभर खोल, आडव्या पट्ट्यांची आणि फुलीसारख्या पायांची अशी मी एक जुनी गव्हाण आहे, मित्रांनो. खऱ्या गव्हाणीत गाई चारा खातात. माझ्यात कुठल्याही गाईने कधी तोंड घातलेले नाही. मी वर्षातून एकदाच कामाला येते, आणि तेही मातीच्या एका बाळासाठी.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये होल्टमनांचा गाईंचा मोठा गोठा आहे. त्या घरातल्या आलोइस पणजोबांनी मला घडवले. एका हिवाळ्यात ते बर्फावरून घसरले, पाय प्लास्टरमध्ये गेला, आणि गोठ्यात जाता येईना म्हणून ते स्वयंपाकघरात बसून प्रत्येक भांड्यातले मीठ चाखू लागले. तेव्हा त्यांची बायको ओटिली म्हणाली, "अहो, माझ्या डोक्यावर मिरे वाटण्यापेक्षा काहीतरी तासत बसा की!" त्यांनी गोठ्याच्या मोडक्या दाराची फळी मागवली आणि तासत बसले. अशी मी जन्मले. रागातून म्हणा, कंटाळ्यातून म्हणा. पण पट्ट्यांच्या कडा त्यांनी इतक्या मऊ घासल्या होत्या, की लहान मुलाच्या बोटाला कधी कुसळ लागले नाही.

माझे काम सांगते. नाताळच्या आधीचा आगमनकाळ सुरू झाला, की मला माळ्यावरून खाली आणतात आणि जेवणाच्या टेबलाशेजारच्या बुटक्या कपाटावर ठेवतात. शेजारी पेंढ्याची टोपली. घरातल्या कुणी एखादे चांगले काम केले, की त्याने माझ्यात एक काडी ठेवायची. गुपचूप. नाव सांगायचे नाही. नाताळच्या आदल्या संध्याकाळी मातीचा बाळ येशू माझ्यात निजतो. जितक्या काड्या जास्त, तितके त्याचे अंथरूण मऊ. ओटिलीने यावर एक गाणेच रचले होते, आणि पीठ मळता मळता ती ते म्हणायची:

काडी काडी गोळा करू,
गव्हाणीत ऊब भरू,
हट्ट नावाचा न धरू,
ये रे बाळा.

किती मुलांच्या किती काड्या मी झेलल्या! मग पणजोबा गेले, ओटिली गेली, मुले शहरांकडे पांगली. मागे राहिला त्यांचा एक नातू, लीलंड. एकटा माणूस आणि गाई. गोठ्यातच त्याचा नाताळ व्हायचा. मी धुण्याच्या खोलीत फळीवर पडले आणि माझ्यात कपड्यांचे चिमटे आले. चिमट्यांचे मला वाईट वाटले नाही. ते बिचारे निमूट पडून असत. पण चिमट्यांना ऊब लागत नाही. जिला ऊब द्यायची सवय, तिने करायचे काय?

मग कोरीन लग्न होऊन आली. पहिल्याच आठवड्यात धुणे वाळत घालताना तिचा हात थबकला.

"लीलंड, ही गव्हाण आहे ना?"

"असेल. आजोबांनी केली होती."

"आणि तू हिच्यात चिमटे ठेवलेस?"

"बाळ नव्हतं घरात," लीलंड म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

पुढे बाळे झाली. एकापाठोपाठ एक, तीन मुलगे. थोरला गस, मधला एमेट आणि शेंडेफळ टोबी. दाराशी शेणाने माखलेल्या रबरी बुटांची रास, खुर्च्यांच्या पाठींवर वाळणारे हातमोजे, आणि दिवसभर कुणाची ना कुणाची तक्रार. जेवणाआधी सगळे हात धरून प्रार्थना करत. ती कुणी म्हणायची यावरूनही भांडण व्हायचे. टोबीची पाळी आली की सूप निवून जायचे. "देवा, शेवयांबद्दल थँक्यू. ट्रॅक्टरबद्दल थँक्यू. शेवयांबद्दल..."

"शेवया झाल्या रे!" गस एक डोळा उघडून म्हणायचा.

"तू डोळे उघडलेस! आई, ह्याने डोळे उघडले!"

"तुला कसं दिसलं मग?" एमेट हळूच विचारायचा, आणि आईला हसू आवरायला तोंडावर रुमाल धरावा लागायचा.

ज्या वर्षाची गोष्ट मी सांगणार आहे, त्या वर्षी टोबी नुकता काड्या ठेवण्याएवढा झाला होता. तिघांच्या तीन तऱ्हा. गस काडी ठेवायला आला की आधी खोकायचा, म्हणजे आईची मान वळावी. टोबी मूठ भरून काड्या कोंबायचा.

"एवढं काय केलंस रे, टोबी?"

"मांजराची शेपटी नाही ओढली."

"आणि?"

"परत नाही ओढली."

एमेट मात्र कधी आला आणि कधी गेला, कळायचे नाही. एक काडी अशी ठेवायचा, जशी कुणाच्या तरी केसांतून बोटे फिरवावीत.

आणि मग एक नवल घडू लागले. संध्याकाळी माझ्यात पेंढा असायचा, सकाळच्या न्याहारीनंतर तो कमी झालेला असायचा! मी विचारात पडले. उंदीर म्हणावा, तर उंदीर कुरतडतो, सांडतो. इथे एक तूससुद्धा खाली पडलेले नसे. मांजर म्हणावे, तर तिला माझ्यापेक्षा भट्टीजवळचा गालिचा प्यारा. वारा म्हणावा, तर खिडक्या बंद. मग कोण? मला हलता येत नाही, बोलता येत नाही. पण कुतूहलाला पाय लागत नाहीत. मी सगळे लक्ष एकवटून वाट पाहत राहिले.

तो एमेट होता. आई टोबीच्या मागे मोजे घेऊन धावत होती, बाबा आणि गस गोठ्यात होते. तो कपाटाशी आला, मागे बघितले, आणि माझ्यातून एक काडी उचलून खिशात घातली. "गसला मठ्ठ म्हणालो," तो पुटपुटला. मग आणखी एक. "दात घासले म्हणून सांगितलं आणि ब्रश नुसता ओला केला."

मी चकित झाले. इतक्या वर्षांत काड्या घालणारे पुष्कळ पाहिले, काढणारा हा पहिलाच! कुणी शिकवले याला? कुणीच नाही. चांगल्याची काडी आत, तर वाइटाची काडी बाहेर, असे त्याने मनाशीच ठरवले होते. दुसऱ्याला फसवले, तर ते त्याला पचत नव्हते, म्हणून तो स्वतःला सोडत नव्हता. आणि दर काडीमागे त्याची नजर माझ्या तळाच्या लाकडावर जायची. बोटाने तो चाचपून बघायचा, अजून किती झाकलेले आहे ते. "टोचेल त्याला," तो म्हणायचा.

मला ओरडून सांगावेसे वाटे, अरे, माझ्या कडा मऊ आहेत रे! पण लाकडाचे बोलणे कोण ऐकतो?

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी ते झाले. एमेट कित्येक दिवस काड्यापेट्यांची आगगाडी चिकटवत होता, आणि टोबी तिच्यावर बसला. बसला म्हणजे अगदी प्रवासी होऊन बसला. सगळे डबे चपटे झाले. एमेटने एक चपटा डबा उचलून पाहिला. मग शांत आवाजात म्हणाला, "तू जन्मलाच नसतास ना, तर बरं झालं असतं."

टोबी रडत बुटांच्या कोपऱ्यात जाऊन बसला. एमेट माझ्यासमोर उभा राहिला. मठ्ठ म्हटल्याची एक काडी, खोटे बोलल्याची एक काडी. पण या वाक्याच्या किती? त्याला ठरवता येईना. त्याने एक उचलली, दोन उचलल्या, मग दोन्ही हात आत घातले आणि सगळ्याच काढल्या. त्या भट्टीत टाकल्या आणि मला पुसून काढले. मी उघडी पडले.

मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या नाताळच्या उपासनेला, जायची वेळ होत आली, तशी कोरीन मातीच्या बाळाला कापसातून सोडवत आली आणि तिथेच थांबली.

"पेंढा कुठे गेला?"

"टोबी!" गस लगेच म्हणाला. "परवा मांजरासाठी घरटं करत होता. ह्यानेच नेला असणार!"

"मी नाही नेला!" टोबी ओरडला.

"मग काय गव्हाणीनं गिळला?"

"मी काढला," एमेट म्हणाला.

आई गुडघ्यांवर बसली. "का रे, बाळा?"

"चांगलं केलं की टाकायची. मग वाईट केलं की काढायलाच पाहिजे ना?" तो तिच्याकडे बघत नव्हता. "आज फार वाईट बोललो. पुरल्याच नाहीत. आई, आता बाळ येणार नाही का?"

"येईल की. असं कसं येणार नाही?"

"उघड्या लाकडावर? माझ्यामुळे?"

कोरीनने हातातल्या मातीच्या बाळाकडे पाहिले. ही रीत तिनेच मोठ्या हौसेने पुन्हा सुरू केली होती. काडी टाकल्यावर मूल किती खुलते, हे तिने पाहिले होते. टाकायला काहीच नसेल, त्या दिवशी त्या मुलाने काय करायचे, हे तिच्या ध्यानात आले नव्हते.

तेवढ्यात मागचे दार धाडकन उघडले. लीलंडची टोपी आणि तिच्याखालून वाफ. "ग्रेटा व्यायला लागली! मिस्साला उशीर होणार आज. कुणीतरी पेंढ्याचा गठ्ठा ओढायला चला!"

एमेटने मला काखेत मारले आणि धावला. मला ठेवायचे त्याला सुचले नाही, की ठेववले नाही, कोण जाणे. अशी मी गोठ्यात पोचले. गाईंचे उबदार श्वास, ओल्या गवताचा वास, आणि कोपऱ्यातल्या आडोशात ग्रेटा. मित्रांनो, ग्रेटा म्हणजे गोठ्यातली सगळ्यात खाष्ट गाय. त्याच आठवड्यात तिने लीलंडच्या गुडघ्यावर अशी लाथ हाणली होती, की तो जिना एकेका पायरीने चढत होता.

लीलंड पेंढा झटकून झटकून तिच्याखाली पसरत होता. घोट्यापर्यंत झाला, तरी थांबेना.

"बाबा, एवढा कशाला? तिनं तुला लाथ मारली ना?"

"मारली की. बघ, लंगडतोय अजून."

"मग?"

"मग काय? वासरू ओलंचिंब येतं रे. सिमेंट बर्फासारखं थंड आहे. त्यावर पडू द्यायचं त्याला?"

"पण ती वाईट वागली."

"ती उद्याही वाईट वागेल. ग्रेटाच ती." लीलंडने आणखी एक कवळ टाकली. "म्हणून तिच्या वागण्याकडे बघून पेंढा घालायला लागलो, तर एक वासरू जगायचं नाही माझ्या गोठ्यात. येणाऱ्याला आधी अंथरायचं. ग्रेटाला शिव्या मी नंतर घालतो, निवांत."

घरात काय झाले हे लीलंडला ठाऊकच नव्हते. तो आपला गाईबद्दल बोलत होता. पण मला धरलेले ते हात सैल झाले, हे मला कळले. एमेटने मला खाली ठेवले आणि बाबांच्या शेजारी उभा राहून तोही पेंढा पसरू लागला. जोरजोरात, नाक बाहीला पुसत.

कोरीन दोघांना घेऊन आली, तेव्हा वासराचे पुढचे पाय दिसू लागले होते. मग नाक. मग सगळेच एकदम, वाफाळते, चिकट, सोनेरी पेंढ्यात धप्पकन. कालवड होती. ग्रेटा वळली आणि तिला चाटू लागली. इतक्या मायेने, की बघून लीलंडने गुडघा चोळला आणि म्हणाला, "हीच का ती बया?"

"तिला टोचतंय का?" टोबीने विचारले.

"भरपूर घातलं की नाही टोचत," लीलंड म्हणाला.

"बाबा, थोडा पेंढा मी घेऊ?" एमेटने विचारले.

"घे की. विचारतोस काय?"

त्याने कवळभर घेतला. माझ्यात मावणार नाही एवढा. कोंबून भरताना अर्ध्यात थांबला आणि मला टोबीपुढे धरले.

"तूही घाल."

टोबीने हात मागे घेतले. "मी आज काहीच चांगलं नाही केलं. तुझी गाडी मोडली."

"चालतंय. घाल."

टोबीने एक मूठ घातली. एमेटने ती मूठ नीट पसरली. मग पुटपुटला, "तू आहेस ते बरंय."

"माहितीये मला," टोबी म्हणाला आणि वासराकडे पळाला.

त्या संध्याकाळी होल्टमन मिस्साला उशिरा पोचले. शेजारच्या बाकावरच्या बाईंनी नाकाला रुमाल लावला म्हणे. घरी आल्यावर मातीचे बाळ माझ्यात निजले. कडांवरून पेंढा ओसंडत होता, त्यात बाळाचे नुसते नाक दिसत होते. एमेटने तळ चाचपून बघितला नाही.

तेव्हापासून रीत थोडी बदलली. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी लीलंड गोठ्यातून कवळभर पेंढा आणतो आणि माझ्यात आधी अंथरतो. कुणी काही केलेले नसताना. मग त्यावर मुले आपापल्या काड्या ठेवतात. गस अजून खोकतो. कोरीनही एखादी काडी ठेवून जाते, आणि काढत कुणीच नाही. नाताळ येईतो वरची काडी कुठली आणि खालची कुठली, मलाही ओळखता येत नाही.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती. मोठ्याने रडणाऱ्या मुलाकडे सगळे घर धावते. जे मूल न सांगता, न रडता आपल्या वाट्याच्या काड्या काढून नेत असते, त्याच्याकडेही बघत जा. आणि कुठे एखादी गव्हाण उघडी दिसली, तर ती कुणी रिकामी केली हे विचारत बसू नका. बाहेर थंडी आहे. आधी पेंढा आणा.