हसली म्हणजे पडली नाही

“पडलीस की आधी हस. दुखतंय की नाही ते पडद्यामागे बघू.”

स्केटिंग शिकवणाऱ्या मास्तरांचं हे वाक्य माझ्या धाकट्या बहिणीनं असं काही अंगी बाणवलं की खाटेवरून पडली तरी खदखदून हसायची. आई म्हणायची, “पोरगी आहे की भिंगरी?” पुढे तेच नाव जाहिरातींवर लागलं.

चाकांच्या बुटांवर नाचणं हा काही आमच्या घराण्यात चालत आलेला धंदा नव्हता. बाबा तिला दारातच अडवायचे. “गाडी बाहेर लाव, मग जेवायला ये.” ती बूट काढायची, पण जेवतानाही तिचे पाय टेबलाखाली फिरतच असायचे. शेवटी बाबांनीच कंटाळून तिला मास्तरांच्या हाती सोपवलं. मग मोठी हॉटेलं झाली, जहाजं झाली, सर्कशीचे तंबू झाले.

खेळ असा की मोठ्या जेवणाच्या टेबलाएवढी एक गोल फळी. मधोमध तिचा जोडीदार, सगळे त्याला खांब म्हणत. तो जागच्या जागी गरगर फिरायचा आणि एका हाताला, एका पायाला धरलेली ही त्याच्याभोवती हवेत आडवी. केस फळीला घासत जायचे. मग एकदम चाकांवर उतरून गिरकी. मी नेमकी तेव्हा डोळे मिटून देवाचं नाव घ्यायची. “ताई, पुढच्या वेळी घरीच बस आणि डोळे मीट,” असं ती मला नेहमी ऐकवायची.

ती फळी दोन अर्धुकांची, मध्ये जोड. तो जोड एका बाजूनं वर उचलला गेला होता. तिनं कंपनीच्या मॅनेजरला सांगितलं, पुन्हा सांगितलं. दर वेळी एकच उत्तर: “सुताराला निरोप दिलाय.” आणि एका संध्याकाळी उतरताना तिचं चाक त्या जोडात अडकलं. पाय तिथंच राहिला, ती पुढे गेली. हाड मोडलं.

आणि ती हसली. लोकांना वाटलं, हा खेळातलाच भाग. शिट्ट्या वाजल्या. खांबही मास्तरांच्याच तालमीतला. त्यानं झोकात हात पुढे केला, तिला उभं केलं, दोघांनी वाकून नमस्कार केला. मोडक्या पायावर. पडदा पडला तशी ती कोसळली. दुसऱ्या दिवशी सकाळी सुतार हजर! इतके दिवस त्याला रस्ता सापडत नव्हता वाटतं.

पाय प्लास्टरमध्ये असताना मॅनेजर फुलं घेऊन घरी आले. माझी सकाळची जपाची माळ पुरी होईपर्यंत मी बोलत नाही, म्हणून त्यांच्यापुढे पाणी ठेवून मी कोपऱ्यात बसले. त्यांनी फोनवरचं चित्रण तिच्यापुढे धरलं.

“बघा ना मॅडम. तुम्ही हसताय, लोक टाळ्या वाजवताहेत. यात अपघात कुठे दिसतो?”

“माझं हाड मोडलं होतं.”

“असेल. पण पडलेला माणूस हसतो का? घरी पाय मुरगळला, एवढं म्हणा सगळ्यांना. कंपनीचं नाव राहील. आणि बरं वाटलं की शिकवण्याचं काम तुमचंच! नाहीतर वर काय सांगू मी?” मग माझ्याकडे वळून, “तुम्ही तरी समजवा हो.” मी मणी ओढत राहिले. “यांना ऐकू येत नाही का?”

“चांगलं येतं,” भिंगरी म्हणाली. “तिची माळ संपायच्या आत निघालात तर बरं.”

ते निघालेच. त्यामुळे जे त्यांना बोलायचं होतं ते मी भिंतीला ऐकवलं. मी आवाज चढवत नाही, पण त्या दिवशी चढला. ज्या हसण्यावर यांनी इतकी वर्षं घर चालवलं, तेच हसू आता तिच्याविरुद्ध साक्षीला उभं करायचं? फळी यांची, हलगर्जी यांची, आणि खोटं बोलायचं हिनं? देवाला तरी काय तोंड दाखवणार ही माणसं!

भिंगरी मात्र प्लास्टरवरून हात फिरवत होती. म्हणाली, “ताई, शिकवणंही गेलं तर मी करू काय? मला दुसरं येतं काय?”

मी तिच्या पायाखालची उशी सारखी केली.

दुपारी टिकली आली. भिंगरीनंच शिकवलेली आणि आता तिच्याच जागी घेतलेली मुलगी; खांबाच्या खांद्यालाही पुरत नाही, म्हणून टिकली.

“बाई, काल सरावात अशी आपटले म्हणून सांगू! खांबदादा म्हणाला, आधी फळीला लागलं का बघ.” ती तोंडभर हसत होती आणि चहाचा कप डाव्या हातात धरून होती.

“उजवा हात दाखव,” भिंगरी म्हणाली.

टिकलीनं बाही वर केली. मनगट सुजून पावासारखं झालेलं.

“कुणाला सांगितलंस?”

“कुणी विचारलंच नाही. मी लगेच हसले ना. तुम्हीच तर शिकवलंत.”

भिंगरीचा चेहरा मी इतकी वर्षं पाहतेय. असा कधी पाहिला नव्हता.

“आज खेळ आहे?”

“आहे. मॅनेजर म्हणाले, पट्टी बांध, बाहीत झाकून जाईल.”

“आणि याच हाताला धरून खांब तुला फिरवणार?”

टिकलीनं होकारार्थी मान हलवली. तिनं बाही खाली ओढली. “नाही म्हटलं तर दुसरी आणतील, बाई.”

“तू म्हणूच नकोस. मी येऊन म्हणते. माझा पाय कुठे मोडला तेही तिथंच, सगळ्यांदेखत सांगते.”

“मग तुमचं शिकवण्याचं काम?”

“हेच शिकवायचं असेल तर ते न मिळालेलंच बरं.”

“खरंच याल?”

“पडदा उघडायच्या आत. शब्द दिला. जा, आधी डॉक्टरला हात दाखव.”

ऊन उतरल्यावर तिनं केस विंचरले, चांगल्या पायात साधी चप्पल घातली आणि कुबड्या मागितल्या. मी पदर खोचला. “मीही येते.”

“तुझी सांजेची प्रार्थना?”

“बसमध्ये करीन.”

तिनं दार ओढून घेतलं, कुबड्या नीट बगलेत धरल्या आणि थांब्याच्या दिशेनं चालू लागली.