चार लाल रेघा

मित्रांनो, दवाखान्यातल्या अपघात कक्षाच्या कपाटात, सगळ्यात खालच्या फळीवर एक जाडजूड, कोपरे झिजलेली नोंदवही आहे. ती मी.

बाइंडरने मला दोऱ्याने शिवलं, पाठीला कापड चिकटवलं आणि चार रकाने आखून दिले: नाव, वय, जखम, उपचार. मोठ्या सिस्टरांनी पहिल्याच दिवशी पट्टी घेऊन आणखी दोन आखले, ‘कुठे’ आणि ‘कशाने’. ड्रेसर हसला. म्हणाला, “सिस्टर, मलमपट्टी करायचीय की पंचनामा?”

“पट्टी तुम्ही करा,” सिस्टर म्हणाल्या. “पुढच्याला पट्टी लागू नये, ते मी बघते.”

आणि त्यांनी बघितलंही. एका महिन्यात सात मुलं बोटं चेंगरून आली, सातही एकाच शाळेच्या लोखंडी फाटकात. सिस्टर मला काखोटीला मारून थेट मुख्याध्यापकांपुढे जाऊन बसल्या. फाटकाला अडसर आणि रबर बसलं. त्यानंतर तिथून एकही मूल चेंगरलेलं बोट घेऊन आलं नाही. मोठे डॉक्टर येता-जाता माझ्यावर कौतुकाने थाप मारू लागले. माणसांच्या अंगावर मूठभर मांस चढतं म्हणतात. माझ्या अंगावर मूठभर कागद चढला असेल.

मग आरोग्य कार्यालयातून साहेब आले. त्यांनी सांगितलं की सिस्टरांनी आता दारोदार फिरायची गरज नाही. दर महिन्याला त्यांचा कारकून येईल, माझ्यावरून तक्ता भरेल. घरातल्या मारहाणीचा संशय आला, की सिस्टरांनी त्या नोंदीखाली लाल रेघ मारायची. कार्यालयाचं माणूस त्या बाईपर्यंत पोचेल. सिस्टरांनी विश्वास ठेवला. मीही ठेवला.

कारकुनाला सगळे आकडेबाबू म्हणत. त्याच्या तक्त्यात एकच चौकट होती, ‘एकूण जखमी’. काही महिने त्याने मला चाळलं. पुढे चहा घेऊन, मागचाच आकडा दोन-चारने खालीवर करून तो निघून जाऊ लागला. लाल रेघांचं काय झालं, असं सिस्टर विचारत. “वर गेलंय,” तो म्हणे. मी टेबलावर मिटलेलीच असे.

त्या वर्षी कपडे शिवणारी एक बाई चार वेळा आली. मनगट, बरगडी, भुवई, पुन्हा बरगडी. नवरा बाहेर बाकावर बसून राही. दर वेळी ती म्हणे, जिन्यावरून पडले. सिस्टर हळूच घराची चौकशी करत आणि लिहीत: ‘घर तळमजल्यावर. जिना नाही. दंडावर बोटांचे वळ.’ खाली लाल रेघ.

चौथ्या वेळी तिनेच खालच्या आवाजात विचारलं, “कुणी येणार होतं ना?”

“येईल,” सिस्टर म्हणाल्या. “मी लिहिलंय.”

पाचव्या वेळी तिला आमच्या खोलीत आणलंच नाही. आणून उपयोग नव्हता.

पंधरा दिवसांनी तिची मुलगी आली. ती परगावी नोकरी करत होती. आईने फोनवर तिला कधी जिन्यावरून पडल्याचंही सांगितलं नव्हतं. तिने माझी पानं उलटली आणि चारही ओळींवरून बोट फिरवलं. आकडेबाबू तिथेच होता. “ताई, आमच्या तक्त्यात तसा रकानाच नाही,” तो म्हणाला. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

“तुम्हाला माहीत होतं,” ती सिस्टरांना म्हणाली.

“हो. लिहिलं होतं.”

“कुणासाठी?”

ती गेल्यावर सिस्टरांनी मला पहिल्या पानापासून वाचलं. लाल रेघांच्या आणखी तीन बायका निघाल्या. मला पुन्हा काखोटीला मारून सिस्टर त्या तिघींकडे गेल्या. दोघींनी दार उघडलं. तिसऱ्या दाराला कुलूप होतं, आणि ती कुठे गेली ते शेजाऱ्यांना ठाऊक नव्हतं.

आता नोंदी संगणकात होतात. त्याच्यात रकाने पुष्कळ आहेत, असं ऐकते. मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी अशा नोंदींजवळ बसलं, तर त्या नीट ठेवल्या म्हणजे झालं, असं समजू नका. वाचा. कोण पुन्हा पुन्हा येतंय, कुठून येतंय, ते बघा. मग उठा आणि तिथे जा. माझी एवढीच काळजी घ्यायची होती. माझ्यातल्या त्या चार ओळी शोधत पहिल्यांदा आली ती त्या शिवणाऱ्या बाईची मुलगी. तिच्या आधी कुणीतरी यायला हवं होतं.