सायकलला दिलेली दीक्षा

हैदराबादेत, दिलसुखनगरच्या त्या फंक्शन हॉलमध्ये रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. हॉल लग्नांचा. स्टेजवर नवरा-नवरीच्या लाल मखमली खुर्च्या तशाच होत्या आणि त्यांतल्या एकीवर प्रमोद नावाचा सडपातळ सायकलपटू हाताच्या शिरेत सुई खुपसून बसला होता. त्याच्या डोक्यावर सलाइनची बाटली लटकत होती. बाटलीतलं पाणी निळं दिसत होतं, कारण मागे निळा दिवा लावला होता. समोर गौलीगुड्यापासून आबिड्सपर्यंतची माणसं माना उंचावून बघत होती. त्यांत गुडघेदुखीने बेजार झालेले निवृत्त कारकून होते, स्कूटरपेक्षा महाग सायकली घेणारे कॉम्प्युटरवाले होते आणि 'यानं मुलांची मेमरी वाढते का' हे विचारायला आलेल्या आयाही होत्या.

"हे औषध नाही!" ऊर्जागुरू हर्षदजींनी माइक ओठांना चिकटवला. "औषध शरीराला देतात. हा प्राण आहे! हिमालयातल्या झऱ्याचं पाणी, त्यावर मंत्रांची कंपनं, आणि ती कंपनं पाण्याच्या स्मरणात सेव्ह! सुईतून आत गेली की पेशीपेशीत प्राण इन्स्टॉल होतो."

"क्या बात है!" मागून कोणीतरी म्हणालं.

हर्षदजी कालपरवापर्यंत चुंबकाच्या गाद्या विकत. गादीवरून ते एकदम प्राणावर कसे आले, हे विचारायचं कोणाच्या मनात आलं नाही. नरसिंहा गारूंच्याही आलं नाही; 'गारू' म्हणजे तेलुगूतलं 'साहेब'. गारूंचा पाइपांचा कारखाना आणि हौसेने काढलेली व्यावसायिक सायकल टीम. टीम जिंकेना, तेव्हा त्यांनी हर्षदजींना आणलं. सुई लावायला मात्र खरे डॉक्टर होते. मुकुंदराव, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेले, जुन्या हैदराबादी घराण्यातले, शब्दाला मान असलेले गृहस्थ. हर्षदजींवर अर्धा हॉल विश्वास ठेवत होता तो मुकुंदरावांच्या पांढऱ्या कोटाकडे बघून.

चमत्कार असा होता. स्टँडवर घट्ट बसवलेली एक सायकल. तिच्या पायडलमध्ये एक यंत्र, ते पायाचा जोर मोजतं आणि आकडा मोठ्या पडद्यावर दाखवतं. बाटलीआधी प्रमोदने जीव तोडून पायडल मारलं तेव्हा आकडा दोनशे ऐंशी आला होता. बाटली संपेस्तोवर भजनं झाली, चहा झाला. मग प्रमोद पुन्हा सायकलवर चढला.

"थांबा!" हर्षदजी ओरडले. "सायकलसुद्धा सजीव आहे. तिलाही दीक्षा!"

ते गुडघ्यांवर बसले. प्रमोदला एक पाय पलीकडच्या पायडलवर घट्ट रोवून ठेवायची आज्ञा झाली. अलीकडचं पायडल गुरुजींनी दोन्ही हातांनी खालून उचलून धरलं आणि कपाळाला टेकवलं. "मशीनचं मन शून्य करा!" असं म्हणताच शिष्याने हँडलवरच्या छोट्या स्क्रीनचं बटण दाबलं. मग प्रमोदने पायडल मारलं. आकडा तीनशे वीस!

हॉल उभा राहिला. टाळ्या, शिट्ट्या, जयजयकार. प्रमोदची आई तर गुरुजींच्या पायांवर कोसळली.

मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या रंजनाने मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. ती दोन गल्ल्या पलीकडच्या कोचिंग सेंटरमध्ये फिजिक्स शिकवायची. फुकटात वाढलेला आकडा बघितला की तिचं डोकं फिरायचं. वर्गात मुलं उत्तरात असाच आकडा वाढवून ठेवत आणि मग "मॅम, आन्सर तो मॅच होरा" म्हणून वाद घालत. पण आज ती वाद घालायला आली नव्हती. पुढच्या रविवारी त्या लाल खुर्चीवर त्याच टीममधला तिचा भाचा गौतम बसणार होता.

घरी त्यावरूनच जुंपली.

"मुकुंदरावांसारखा माणूस स्वतः सुई लावतो," गौतमची आई, मालतीवहिनी म्हणाल्या. "त्यांच्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं का हो?"

"अम्मी, जरा सुन ना," गौतम कळवळून म्हणाला. "आम्हाला रूल शिकवलेत. रेसरला सलाइन नक्को. आजारी पडून दवाखान्यात दाखल झाल्याशिवाय शंभर मिलीच्या वर चढवलं की बंदी. आत काय आहे, कोई पूछताच नहीं. नुसतं पाणी असलं तरी बंदी!"

"मग नको म्हणून सांग."

"नको बोललं तर गारू मलेशियाच्या रेसला नेत नाहीत. प्राण नहीं तो टीम नहीं, बोलले. आत्या, लावलं तर करिअर खल्लास, नाही लावलं तरी खल्लास. मी करू काय?"

पोरगं पहाटे उठून गंडीपेटच्या रस्त्यावर रक्त आटवत होतं, हे रंजनाने डोळ्यांनी बघितलं होतं. त्याचे डोळे भरून आले होते. तिने चप्पल घातली आणि तडक मुकुंदरावांचं गौलीगुड्यातलं घर गाठलं.

"काका, त्या बाटलीत काय असतं?"

मुकुंदरावांनी आधी दाराकडे बघितलं. "सलाइन गं. दुसरं काय असणार? मी काही भलतंसलतं टोचीन का पोरांना?"

"मग लावता कशाला?"

"त्यांना बरं वाटतं. विश्वासानेही जोर येतो." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "आणि निवृत्त डॉक्टरला कोण विचारतं, रंजू? तिथे लोक पाया पडतात."

"आणि बंदीचा नियम?"

"अगं, नियम औषधाला. यात औषधच नाही!"

लबाडाचा राग येतो तो हिशेबाने येतो, पण भल्या माणसाने लबाडाला पांढरा कोट उसना द्यावा याचा राग कुठे ठेवायचा? रंजना तशीच परत आली.

उत्तर सापडलं ते सोमवारी वर्गात, खडू हातात असताना. ती झीरो एरर शिकवत होती. "मोजायच्या आधीच यंत्राचं शून्य सरकलेलं असेल, तर पुढचं प्रत्येक माप खोटं," हे ती दरवर्षी सांगत आली होती. या वेळी वाक्य अर्ध्यावर सोडून ती तशीच थांबली. 'मशीनचं मन शून्य करा!' मुलांना वाटलं, मॅमना चक्कर आली.

घरी आल्या आल्या तिने वहिनींचा केकचा वजनकाटा ओढला. वरची ताटली बोटांनी जराशी उचलून धरली, शून्याचं बटण दाबलं आणि ताटली सोडली. रिकाम्या काट्यावर दीडशे ग्रॅम दिसले. तिने गौतमला हाक मारली.

पुढच्या रविवारी हॉल आणखी भरला. गौतमने बाटलीआधीचं पायडल मारलं. आकडा आला दोनशे नव्वद.

"आता प्राण!" हर्षदजींनी लाल खुर्चीकडे हात केला. मुकुंदराव सुई घेऊन पुढे झाले.

गौतम सायकलवरून उतरलाच नाही. "गुरुजी, प्राण बाद में. पहले सायकलला दीक्षा."

आणि रंजना काटा घेऊन स्टेजवर चढली.

"ताई, खाली उतरा," हर्षदजी घाईने म्हणाले. "शंकेखोर माणूस जवळ आला की कंपनं बिघडतात."

"माझी पूर्ण श्रद्धा आहे, म्हणून तर मापायला काटा आणलाय." तिने त्यांच्याच पूजेच्या ताटातला नारळ उचलून काट्यावर ठेवला. सहाशे ग्रॅम. नारळ काढून तिने ताटली भक्तिभावाने वर उचलली, म्हणाली, "मशीनचं मन शून्य करा," बटण दाबलं आणि ताटली सोडून नारळ परत ठेवला. साडेसातशे.

"बघा! नारळात प्राण इन्स्टॉल झाला."

हॉलमध्ये खसखस पिकली. हसू विरायच्या आत तिने गुडघे टेकले, पायडल खालून उचलून कपाळाला लावलं. गौतमने पलीकडचा पाय रोवून धरला होता. त्याने बटण दाबलं आणि पायडल मारायला लागला. सुई नाही, बाटली नाही. आकडा तीनशे तीस!

"पोरगा मुद्दाम जोर लावतोय!" पुढच्या रांगेतला एक भक्त ओरडला.

"शाबास, हीच शंका हवी," रंजना म्हणाली. "मागच्या चाकाचा वेग बघा. पडद्याच्या कोपऱ्यात आहे. गियर तोच आणि वेगही दोन्ही वेळा तोच. पाय तेवढाच जोर लावताहेत, आकडा मात्र फुगला. आता उलटं करू." तिने पायडल वरून खाली दाबून धरलं, शून्य केलं. गौतमने पुन्हा त्याच वेगाने पायडल मारलं. आकडा अडीचशेवर आला. "आता काय झालं? अंगात भूत शिरलं?"

लोक पोट धरून हसायला लागले. पण नरसिंहा गारू हसले नाहीत. ते उठून हर्षदजींच्या समोर उभे राहिले.

"गुरुजी, एक बात सीधा बोलो. बोतल में क्या है?"

"प्राण..."

"जपून बोला," रंजना म्हणाली. "आत ताकद वाढवणारं काही असेल तर ते उत्तेजक द्रव्य. मग पोलीस विचारतील, कुठून आणलंत."

हर्षदजींपुढे एकीकडे प्राण, दुसरीकडे पोलीस. माइक अजून ओठांना चिकटलेलाच होता, त्यामुळे त्यांचा कबुलीजबाब चारही स्पीकरमधून ऐकू आला. "काही नाही हो त्यात! मीठ-पाणी आहे. बाजारातलं साधं सलाइन. डॉक्टरांना विचारा!"

गुरूनेच गुरूचा चमत्कार स्वतःच्या तोंडाने पाण्यात घातला.

"खरं आहे," मुकुंदराव खाली बघत म्हणाले. "नुसतं सलाइन."

"सर, नुसतं पाणी असलं तरी रूल में बंदी है," गौतम म्हणाला.

"एंटि, ये क्या डॉक्टर गारू, नियम मालूम नहीं था?" नरसिंहा गारूंचा आवाज चढला. "मला हे गुरुजी बोलले, औषध नाही तर नियम नाही. तुम्ही डॉक्टर! तुम्ही वाचायचं नाही?"

मुकुंदराव लाल खुर्चीवर बसले. नवऱ्याच्या त्या खुर्चीत ते फार म्हातारे दिसले. गारूंनी तिथल्या तिथे गुरुजी आणि डॉक्टर दोघांनाही टीममधून काढून टाकलं. हर्षदजी मागच्या दाराने गेले आणि जाताना निळा दिवा तेवढा न विसरता उचलून नेला.

एक आजी रंजनाचा पदर धरून विचारत होत्या, "पण अम्मा, गुरुजींची बाटली घेतल्यावर माझा गुडघा तर बरा झाला होता की!"

"आजी, दुखणं आपोआप कमी-जास्त होतं. कमी झालं की आपल्याला गुरू आठवतो, वाढलं की थंडी आठवते. चांगल्या डॉक्टरला दाखवा."

तेवढ्यात प्रमोद पुढे आला. त्याने बाटली घेऊन एकच आठवडा झाला होता. "सर, मेरा क्या?"

गारूंना हे सायकल संघटनेला कळवावं तर लागणारच होतं, आणि कळवलं की बंदी. मलेशियाला गौतम जाणार होता. प्रमोद कदाचित पुढची दोन वर्षं कुठेच जाणार नव्हता. त्याची आई, जी गेल्या रविवारी पायांवर कोसळली होती, ती आता भिंतीशी बसून नुसती बघत होती. तिच्या जवळ जायचं रंजनाला धाडस झालं नाही.

पायऱ्यांवर मुकुंदरावांची गाठ पडली. "रंजू, मला ठाऊक होतं ते पाणी आहे. कोणाचं वाईट होईल असं नव्हतं वाटलं गं."

"ठाऊक होतं म्हणूनच तुमचा जास्त राग येतो, काका," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरले.

हर्षदजी उद्या दुसऱ्या गावात, दुसऱ्या हॉलमध्ये दिसतील. तिथेही आकडा वाढेल आणि निळा दिवा पेटेल. पांढऱ्या कोटातलं कोणीतरी बाजूला उभं असेल. तेव्हा भल्या लोकांनो, टाळी वाजवायच्या आधी एवढंच विचारा, की मापायच्या आधी यंत्राला हात कोणी लावला, आणि तेच माप आमच्यासमोर पुन्हा घेऊन दाखवाल का? यासाठी फिजिक्स यावं लागत नाही, फक्त हात वर करावा लागतो. त्या पहिल्या रविवारी भरल्या हॉलमध्ये सुई टोचायच्या आधी 'बाटलीत काय आहे' म्हणून एक जरी हात वर झाला असता, तरी प्रमोद आज सायकलवर असता.