फळ्यावरची मधली जागा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे आणि जन्मापासून भित्रा आहे. ज्याच्या अंगावरचे काहीही, कोणीही, केव्हाही ओल्या फडक्याने पुसून टाकू शकतो, त्याने धीट तरी कसे व्हावे? भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्यापाठी फडके होते.

क्युबाच्या एका साखर कारखान्यातल्या सुताराने तीन जाड फळ्या जोडून, वर काळा रंग देऊन मला तयार केले आणि कारखान्याच्या शाळेत टांगले. शाळेतल्या बाई माझ्यावरून हात फिरवून म्हणत, "किती गुळगुळीत आहे!" त्या कौतुकावर मी सात वर्षे काढली. मग एका सप्टेंबरात चक्रीवादळाने शाळेचे छप्पर नेले. मी दोन दिवस पाण्यात पालथा पडून होतो. त्या दोन दिवसांची भीती अजून माझ्या उजव्या कोपऱ्यात तड्याच्या रूपाने आहे. शाळेला नवा फळा आला आणि मी कोंबड्यांच्या खुराड्याचे दार झालो. कोंबड्यांनी माझी जी दशा केली ती सांगण्यासारखी नाही.

तेथून मला बौदिलिओ न्हाव्याने उचलले. लिंबू आणि राख लावून त्याने मला घासले आणि आपल्या दुकानात आरशासमोरच्या भिंतीवर टांगले. खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाला आरशात आपल्या डोक्यामागे मी दिसत असे.

मला आणण्यामागे त्याचा हेतू होता. आमच्या गावात उसाइतकेच बेसबॉल पिकते. कारखान्याच्या संघातून चाळीस वर्षांत काही शे माणसे खेळून गेली. त्यांतून सर्वांत उत्तम नऊ जण निवडायचे आणि एक असा संघ करायचा, की जो मैदानावर कधी उतरलाच नाही. ज्यांची आयुष्यात एकमेकांशी गाठ पडली नाही, अशी माणसे माझ्यावर शेजारीशेजारी उभी राहणार होती.

निवडणारे तिघे होते. एक स्वतः बौदिलिओ. दुसरा क्रिस्पिन, उसाची आगगाडी चालवून निवृत्त झालेला, नियमांचा मोठा भोक्ता. तिसरी ओब्दुलिया. या बाईने तीस वर्षे मैदानाच्या कडेला बसून प्रत्येक सामन्याची वही लिहिली होती. कोणी किती चेंडू अडवले, कोणाच्या हातून किती सुटले, सारे तिच्या वहीत. तिच्या जिभेला वस्तऱ्यापेक्षा जास्त धार होती.

या तिघांनी आधी नियम केले आणि ते माझ्या माथ्यावर पांढऱ्या तैलरंगात लिहिले. ज्याचा खेळ तिघांनीही डोळ्यांनी पाहिला, तोच निवडायचा. ऐकीव गोष्ट चालणार नाही. आपला सगासोयरा घ्यायचा नाही. एकदा लिहिलेले नाव पुसायचे नाही. त्या जागी त्याहून सरस माणूस तिघांना पटला, तरच. आणि शेवटचा नियम असा, की निवडलेला माणूस मेलेला असला पाहिजे.

हा शेवटचा नियम क्रिस्पिनचा. पूर्वी एकदा त्यांनी कागदावर एका जिवंत पिचरचे, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याचे, नाव लिहिले होते, आणि पुढच्याच महिन्यात त्या गृहस्थाने गावजत्रेचे भाजायचे डुक्कर पळवले. "जिवंत माणसाचा काय भरवसा?" क्रिस्पिन म्हणाला. "मेलेल्याचं तोंड आता काळं होणार नाही. लिहून टाका."

लिहून टाकले, पण त्या दिवसापासून माझ्या काळजाचे पाणी झाले. शाळेत माझ्यावर बेरजा असत. आता माझ्यावर मेलेल्यांची यादी होती.

आठ जागा पहिल्या वर्षातच भरल्या. नववी रिकामी राहिली. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली ती जागा. तेथे येणारा चेंडू वेगवान असतो, म्हणून सर्वांत चपळ माणूस तेथे उभा करतात. या जागेवर वर्षानुवर्षे खेळलेल्या आन्सेल्मोखेरीज कोणाचे नाव घ्यायला तिघेही तयार नव्हते. अडचण एवढीच होती, की आन्सेल्मो जिवंत होता आणि दर शनिवारी दाढी करायला येत होता.

अकरा वर्षे ती जागा त्याच्यासाठी राखून ठेवली होती. कल्पना करा, मित्रांनो! तो खुर्चीत बसायचा, गळ्याभोवती फडके, गालावर फेस, आणि आरशात बरोबर त्याच्या डोक्यावर ती रिकामी जागा.

"काय रे आन्सेल्मो, तब्येत कशीय?" क्रिस्पिन विचारायचा. "जागा तयार आहे हं. घाई नाही आमची."

"तूच जा आधी. तुला राखीव खेळाडूंच्या बाकावर बसवतील," आन्सेल्मो हसून म्हणायचा. पण वस्तऱ्याखाली त्याच्या गळ्याची घाटी वरखाली व्हायची. त्याला भीती वाटत होती आणि ती फक्त मला कळत होती. चोराची पावले चोराला ठाऊक, तशी भित्र्याची भीती भित्र्याला.

एका ऑक्टोबरात आन्सेल्मो समुद्राकाठच्या बहिणीकडे गेला होता आणि पुन्हा वादळ आले. ते ओसरल्यावर एक ट्रकवाला दुकानात शिरला. त्याच्या हातात कारखान्याच्या संघाची जुनी, पट्ट्यापट्ट्यांची टोपी होती. आतल्या बाजूला आन्सेल्मोचे नाव टाक्यांनी घातलेले. "नदी ओलांडताना एक गाडी वाहून गेली," तो म्हणाला. "काठावर ही सापडली."

बौदिलिओ खाली बसला. आन्सेल्मो त्याचा कोंपाद्रे होता. आन्सेल्मोच्या मुलीच्या बारशाला तिला बौदिलिओनेच हातांवर घेतले होते. दोन दिवस दुकान बंद राहिले. तिसऱ्या दिवशी तिघे माझ्यासमोर उभे राहिले. बौदिलिओने रमची बाटली उघडली, रीतीप्रमाणे पहिली धार मृतांसाठी जमिनीवर सांडली आणि खडू उचलला. मी थरथरत होतो. मधल्या जागेत अक्षरे उमटली: आन्सेल्मो.

"झाला संघ पुरा," क्रिस्पिन म्हणाला आणि रडू लागला.

शनिवारी सकाळी दारावरची मण्यांची माळ वाजली. चिखलाने माखलेला, दाढी वाढलेला आन्सेल्मो दारात उभा होता.

"टोपी उडाली रे माझी वाऱ्यानं," तो म्हणाला. "पूल पडला म्हणून आठ दिवस चालत आलो. आधी कॉफी दे, मग दाढी कर."

बौदिलिओने त्याला मिठी मारली. क्रिस्पिन हसता हसता खोकू लागला. ओब्दुलिया म्हणाली, "मेल्या, मरताही येत नाही का तुला धड?" त्या आनंदात माझा सर्वांना विसर पडला. आन्सेल्मो खुर्चीत बसला, त्याने आरशात पाहिले आणि तो मागे वळला. चिखलाखाली त्याचा चेहरा पांढरा पडला.

"माझं नाव," तो म्हणाला.

"अरे, थांब, पुसतो ना!" बौदिलिओने फडके उचलले.

"हात लावू नकोस!" आन्सेल्मो किंचाळला. "माझी आजी सांगायची. मेलेल्यांच्या यादीतून नाव पुसलं, तर मरण म्हणतं, हा कोण सुटला? आणि विचारायला घरी येतं."

"मग राहू दे तसंच," बौदिलिओ म्हणाला.

"राहू कसं देतोस? मेलेल्यांत लिहिलंयस मला!"

मित्रांनो, ती सकाळ मला आठवली की आजही माझ्या तड्यात धूळ हलते. नाव ठेवले तर मरण, पुसले तर मरण. एका थोराड माणसाचा जीव माझ्या अंगावरच्या थोड्याशा खडूत अडकला होता. मी फळा. मला ना तो खडू झटकता येत होता, ना डोळे मिटता येत होते. ही थट्टा आहे असे म्हणायला तिघांपैकी एकही धजला नाही. आमच्या गावात मरणाची थट्टा ते दारात नसतानाच करतात.

मग क्रिस्पिन माझ्या माथ्यावरचे नियम वाचू लागला. "एक वाट आहे," तो म्हणाला. "सरस माणूस आला, तर नाव पुसायचं नाही, बदलायचं. खेळात बदली खेळाडू येतो, तसं. बदललेला माणूस मरत नाही, बाकावर जाऊन बसतो. मरणालाही हरकत घेता येणार नाही."

"पण आन्सेल्मोपेक्षा सरस आणायचा कुठून?" बौदिलिओ म्हणाला. "खोटा माणूस नाही हं लिहायचा. तिघांना पटला पाहिजे."

ते नावे घेऊ लागले. एकाचा हात जड होता, दुसरा दारू पिऊन खेळे, तिसरा बरा होता पण आन्सेल्मोच्या पासंगालाही पुरत नव्हता. त्यांनी खोटेपणा केला असता तर मला बरे वाटले असते. पण ती माणसे तशी नव्हती. आन्सेल्मो खुर्चीचे हात घट्ट धरून ऐकत होता.

"सातुर्निनो," शेवटी तो म्हणाला.

"सातुर्निनो?" ओब्दुलिया फिसकन हसली. "ज्यानं अंतिम सामन्याचा चेंडू सोडला तो? दोघं धावलात, त्यानं 'माझा!' म्हणून ओरडून तुला थांबवलं आणि स्वतः बघत उभा राहिला. अख्खा गाव आठ दिवस जेवला नाही!"

आमच्याकडे लहान मूलसुद्धा जाणते, की उंच गेलेल्या चेंडूखाली दोघे आले, तर जो आधी "माझा!" म्हणून ओरडतो, चेंडू त्याचा. दुसऱ्याने थांबायचे. त्या सामन्यात मधल्या जागेवर सातुर्निनो होता आणि आन्सेल्मो तिसऱ्या बेसवर. चेंडू दोघांमध्ये पडला आणि सामना गेला. सातुर्निनोला संघातून काढले, आणि संघातून गेला म्हणजे कारखान्यातले बारमाही कामही गेले. तो दूर ऊस तोडायला गेला आणि तिकडेच तापाने मेला. त्याची जागा आन्सेल्मोला मिळाली.

"तो ओरडलाच नव्हता," आन्सेल्मो म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक झाला होता, की बौदिलिओ जवळ सरकला. "मी ओरडलो. माझा म्हणालो. तो थांबला. मग सूर्य डोळ्यांत आला आणि मी घाबरलो. लोक धावत आले, तेव्हा मी त्याच्याकडे बोट दाखवलं. तो तोतरा होता. त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत माझं सांगून झालं होतं."

बौदिलिओने हातातले फडके खाली ठेवले.

"का सांगतोयस आत्ता?" बौदिलिओने विचारले.

"मरणाच्या भीतीनं," आन्सेल्मो म्हणाला. "चांगुलपणानं नाही. खोटं कशाला बोलू?"

ओब्दुलिया उठून घरी गेली. ती परत आली तेव्हा तिच्याजवळ जुनी वही होती. तिने उभ्यानेच पाने उलटली. "त्या सामन्याआधीची दोन वर्षं," ती म्हणाली. "आन्सेल्मो, तुझ्या हातून अकरा चेंडू सुटले. सातुर्निनोच्या हातून एकही नाही. एकही. एवढं माझ्याच अक्षरात आहे, आणि मी कधी बघितलं नाही." मग ती खाली बसली. "त्या संध्याकाळी तो माझ्याकडं आला होता. म्हणत होता, बाई, मी न-नव्हतो ओरडलो. मी म्हटलं, माझ्या वहीत खाडाखोड होत नसते. जा."

तिने पेन्सिल घेऊन त्या सामन्याच्या पानावर एक रेघ मारली. पेन्सिलीचे टोक मोडले.

तिघांनी हात वर केले. फडके आन्सेल्मोने घेतले. आपले नाव त्याने स्वतः पुसले, आणि ते ओले फडके माझ्यावरून फिरत असताना तो डोळे मिटून होता. मग त्याने लिहिले: सातुर्निनो. अक्षरे वाकडी आली. बौदिलिओने त्याची दाढी केली, पण त्या दिवशी तो त्याच्याशी एक शब्द बोलला नाही, आणि पुढे कितीतरी शनिवार बोलला नाही.

आन्सेल्मो त्यानंतर बरीच वर्षे जगला. पण गावात त्याला पूर्वीसारखे कोणी हाक मारून कॉफी पाजेना. तो खूप घाबरून जगला, असे मला वाटते. तरी पहिल्याच महिन्यात त्याने एक काम केले. बसने दुसऱ्या गावी जाऊन तो सातुर्निनोच्या बहिणीला घेऊन आला. म्हातारीला मोतीबिंदूने दिसत नव्हते. तिला माझ्यासमोर उभे करून आन्सेल्मोने सारे पुन्हा सांगितले. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "कुठाय तो?"

आन्सेल्मोने तिचे बोट धरून माझ्यावर ठेवले. ती एकेक अक्षर चाचपत गेली आणि खडू तिच्या बोटाला लागत गेला. नाव अर्धे पुसले. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावरचे पुसले जात होते आणि मी भ्यालो नाही. तिने बोट झग्याला पुसले नाही. ते तसेच मुठीत धरून ती बसपर्यंत गेली.

ती दर वर्षी येत असे. ती परत गेली की आन्सेल्मो खडू घेऊन ते नाव पुन्हा लिहीत असे. अक्षर कधीच सरळ आले नाही. त्याचे स्वतःचे नाव पुढे कोणी माझ्यावर लिहिले नाही आणि त्यानेही कधी मागितले नाही.

आता दुकान बंद आहे, तडा रुंदावला आहे आणि वाळवीने माझी खालची कड धरली आहे. मला वाचवा असे मी म्हणत नाही. लाकूड आहे, जाणारच. पण मित्रांनो, तुम्ही कोणाच्या जागेवर उभे असाल, तर ते सांगायला मरण दारात येईपर्यंत थांबू नका. तो माणूस ऐकायला असताना सांगा. सातुर्निनोला फक्त एक वाक्य पुरे करायचे होते.