मीटरसमोरची खुर्ची

आमचा दादा प्रशिक्षण घेऊन आला आणि झाडांनाही अक्कल शिकवू लागला. आमच्या पॉलीहाउसमधल्या काकड्या म्हणे इतकी वर्षं अर्धपोटी होत्या. झाडं कार्बन डायऑक्साइडवर वाढतात, बंद घरात तो लवकर संपतो, वरून सोडला की माल वाढतो. यात खोटं काहीच नव्हतं. पण खरी गोष्टसुद्धा दादाच्या तोंडून ऐकली की कान किटतात.

तोवर पॉलीहाउस वहिनी सांभाळायची. दादा नोकऱ्या धरत-सोडत होता, तेव्हा तिने तिथली वेल न् वेल दोरीवर चढवली. मी धाकटी बहीण, क्रेट भरायला. आता दादा म्हणाला, किल्ली माझ्याकडे हवी. आप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, निकाल दिला.

"हा हंगाम त्याचा. माल वाढला तर किल्ली कायमची त्याच्याकडे. नाही वाढला तर सूनबाईकडे परत."

वहिनीने कमरेची किल्ली काढून दिली. तिचा चेहरा बघून मला दादाचा असा राग आला की विचारू नका.

दादाने सिलिंडर आणले, नळ्या फिरवल्या, हवेतला गॅस मोजणारा मीटर टांगला. गॅस कमी झाला की मीटर व्हॉल्व्ह उघडणार, पुरेसा झाला की बंद करणार. हा मीटर त्याने खास आपल्या खुर्चीपाशी, अगदी तोंडासमोर लावला, पाहुण्यांना आकडा दाखवता यावा म्हणून. दार कोणी मध्येच उघडू नये म्हणून आतून कडीही बसवली. वहिनी पानं खुडायला आली की आतून आवाज यायचा, "गॅस चालू आहे!" ती बिचारी कात्री घेऊन उन्हात उभी.

आत दादाचा दरबार. शेजारी, मेव्हणे, मेव्हण्यांचे मित्र. दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. काकड्या मात्र होत्या तेवढ्याच, आणि सिलिंडर भरलेला तो भरलेलाच.

"बघा, किती बचत!" दादा म्हणाला. आप्पांनी कपाळावर हात मारला आणि मेकॅनिकला बोलावलं.

मेकॅनिकने नळ्या पाहिल्या, व्हॉल्व्ह पाहिला. सगळं ठीक. मग मीटरकडे पाहिलं, मग खुर्चीकडे, मग खुर्चीतल्या दादाकडे. दादा त्याला कार्बन डायऑक्साइड म्हणजे काय ते समजावत होता. आकडा चढत होता.

"साहेब, जरा गप्प बसता का?"

"का?" दादाने विचारलं, आणि उत्तरही त्यानेच द्यायला सुरुवात केली.

शेवटी मेकॅनिकने त्याला हाताला धरून बाहेर काढलं. हळूहळू आकडा उतरला आणि नळ्यांतून फुस्स आवाज आला. त्या हंगामात तो आम्ही पहिल्यांदाच ऐकला.

"यांच्या श्वासाने मीटरला वाटतं, सगळं घर गॅसने भरलंय," मेकॅनिक म्हणाला. आप्पा खाली बघत राहिले. मी पोट धरून हसले. वहिनी हसली नाही.

"मीटर वेलींमध्ये हलवू का, ताई?" मेकॅनिकने तिला विचारलं.

मी वहिनीला बाजूला ओढलं. "राहू दे ना तिथंच! त्याची बडबड काही थांबत नाही. किल्ली आपोआप तुझ्याकडे येईल."

ती वेलींकडे बघत राहिली. "आणि तोवर यांना उपाशी ठेवू?" मग मेकॅनिककडे वळून म्हणाली, "हलवा हो."

मला तिची चीडच आली. इतकं भलं असू नये माणसाने.

पुढे काकड्या अशा सुटल्या की क्रेट कमी पडले. मीटर कुठे लावावा यावर दादाने भाषण तयार केलं. शोध अर्थातच त्याचा. हंगाम संपला आणि सगळं ठाऊक असूनही आप्पांनी दिलेला शब्द पाळला. पॉलीहाउसमध्येच, पाहुण्यांसमोर, किल्ली दादाच्या हातावर ठेवली. दादाने घसा खाकरला.

"अहो, इथे उकडतंय," वहिनी म्हणाली. "बाहेर सगळ्यांना नीट ऐकू येईल."

दादा किल्ली मिरवत बाहेर गेला, पाहुणे मागोमाग. मी आतच रेंगाळले. वहिनीने दार ओढलं, कडी घातली आणि कात्री उचलली.

भाषण बरंच लांबलं. मग कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा. दार काही हललं नाही.

"अगं, उघड की!"

वहिनी पिवळी पानं खुडत होती. मान वर न करता तिने सांगितलं, "गॅस चालू आहे."